बर्फाची हौस आणि पाचवा महिना

दिवाळीची गर्दी ओसरली, नव्या वह्यांचे पूजन झाले आणि आमच्या फोंडाघाटच्या बाजारपेठेतील दुकाने जरा लवकर बंद होऊ लागली, की वर्षातून एकदा घरातील सर्व माणसे एकाच वेळी ओसरीवर बसलेली दिसतात. यंदा अशाच एका रात्री धाकट्या सुनेने तीन महिने पूर्ण झाल्याची गोड बातमी सांगितली. आनंदाचे बोलणे पुरते संपलेही नव्हते, तोच मोठ्या नातवाने विचारले, ‘‘मग आपल्या काश्मीरचे काय?’’

वाचक भगिनींना थोडी पार्श्वभूमी सांगावयास हवी. पर्युषण आटोपताच धाकट्या मुलाने जानेवारीतील काश्मीर सहलीसाठी घरातील नऊ जणांची आगाऊ रक्कम भरून टाकली होती. त्या वेळी त्याला किंवा तिला काहीच कल्पना नव्हती. सहलीच्या पत्रकात श्रीनगर होते, दल सरोवर होते. पण मुलांच्या तोंडी एकच नाव होते, गुलमर्ग. तेथे बर्फावर स्कीइंग, स्लेजवरून घसरणे, बर्फात धावणारी स्कूटर आणि गंडोला, म्हणजे डोंगरमाथ्यापर्यंत नेणारी केबलगाडी. आम्ही समुद्रापासून फार दूर नसलेली, घाटाच्या पायथ्याची माणसे. आमच्या थंडीला फार तर शालीची गरज लागते. बर्फ म्हणजे मासळीबाजारातला किंवा सरबताच्या गाड्यावरचा, एवढीच आमची ओळख.

हिशेब केला तेव्हा लक्षात आले की सहलीच्या वेळी धाकटीला पाचवा महिना संपत आलेला असेल. मग चर्चा सुरू झाली. आमच्या ह्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते पैशांविषयी: ‘‘नऊ माणसांचे भरले आहेत, परत मिळायचे नाहीत.’’ माझ्या नणंदबाई म्हणाल्या, थंडीने पोटातले बाळ गारठते, तेव्हा विषयच काढू नका. धाकटा मुलगा म्हणाला, हल्ली मुली गरोदरपणी ऑलिंपिकसुद्धा खेळतात, तुम्ही उगाच घाबरता. मीही माझे मत दिले, आणि ते नेहमीप्रमाणे जरा मोठ्या आवाजात दिले. धाकटी पदराच्या टोकाशी चाळा करीत ऐकत होती. तेवढ्यात मोठी सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘‘आई, एकदा तिला विचारा ना.’’

ती एवढेच बोलली. पण त्या वाक्यातले उरलेले वाक्य मला एकटीलाच ऐकू आले.

ती गोष्ट 2009 च्या जानेवारीतील. मोठ्या मुलाच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झाले होते. आम्ही कोकण रेल्वेने दिल्लीला आणि तेथून रात्रभर बसने मनालीला गेलो होतो. मोठीला चौथा महिना होता. सोलांगच्या उतारावर पर्यटकांची झुंबड उडाली होती. स्लेज ओढणारे लोक मागे लागले होते. मोठी म्हणाली, ‘‘मी इथेच उभी राहते.’’ मी म्हणाले, ‘‘बस गं, काही होत नाही. आम्ही तर आठव्या महिन्यात घाटातून यष्टीने माहेरी गेलो आहोत.’’ सुनेने सासूचे ऐकले. स्लेज अर्ध्या उतारावर कलंडली आणि ती कुशीवर पडून चार-पाच हात घसरत गेली. उठून कपडे झटकले, हसली, फोटोही काढला. त्या दिवशी काहीच झाले नाही.

दुसऱ्या रात्री पोटात कळा येऊ लागल्या आणि अंगावर जाऊ लागले. हॉटेलच्या माणसाने गाडी काढून दिली. दवाखान्यातील डॉक्टरांनी सर्वप्रथम विचारले, रक्तगट कोणता? मला माहीत नव्हते, तिच्या नवऱ्याला माहीत नव्हते. तिची तपासणीची फाइल फोंड्याला कपाटात होती. तपासल्यावर कळले की ती आरएच निगेटिव्ह आहे. अशा आईला पोटावर आघात झाला किंवा रक्तस्राव झाला, तर ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन 72 तासांच्या आत देणे उत्तम, असे त्यांनी सांगितले. ते इंजेक्शन तेथे शिल्लक नव्हते, म्हणून मोठ्या मुलाला पहाटे बर्फातून कुल्लूला जाऊन आणावे लागले. वेळेत आणले, वेळेत दिले. रक्तस्राव थांबला. पुढे पाच महिने तिने फार जपून काढले, आणि जो नातू झाला तोच आज सोळा वर्षांचा होऊन काश्मीरचे विचारत आहे. सर्व सुखरूप पार पडले. तरीही त्या दिवसाविषयी आमच्या घरात कोणी बोलत नाही, कारण बोलायचे झाले तर ‘बस गं’ कोण म्हणाले, येथपर्यंत यावे लागते.

म्हणून या वेळी मी गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सुनांना घेऊन कणकवलीला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाताना मोठीने एका कागदावर प्रश्न लिहून घेतले होते. त्या तासाभरात जे कळले, त्यातील बराचसा भाग मला या वयातही नवा होता. जानेवारीत सहलींचे दिवस असतात आणि आपल्या समाजातील अनेक घरांत हाच प्रश्न कोणी ना कोणी बोलून किंवा न बोलता सोसत असेल, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

नणंदबाईंचे थंडीचे भय प्रथम निकालात निघाले. आईने पुरेसे उबदार कपडे घातले असतील, तर बाहेरच्या थंडीने गर्भ गारठत नाही. आईच्या शरीराचे तापमान स्थिर असते आणि बाळ त्या उबेत असते. लडाख, लाहौल येथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बर्फातच बाळंत होत आल्या आहेत. भय आहे ते थंडी घालविण्यासाठी आपण जे करतो त्याचे. बंद खोलीत कोळशाची शेगडी, काश्मिरातील बुखारी किंवा साधा गॅसचा गीझर नीट वायुवीजनाशिवाय चालू राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि प्राणवायूला जागा उरू देत नाही. बाळाचे रक्त तो आईच्या रक्तापेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते आणि उशिरा सोडते, म्हणून आईला नुसते डोके दुखल्यासारखे वाटत असतानाही बाळाला धोका असू शकतो. हिवाळ्यात डोंगरातल्या हॉटेलांत आणि घरांत या वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तेव्हा खोली आरक्षित करताना ‘जैन जेवण मिळेल का’ एवढेच विचारून थांबू नये. खोली कशाने गरम होते, हेही विचारावे. विजेचा हीटर किंवा गरम पांघरूण चालेल. झोपताना जळती शेगडी खोलीत नको.

खरा प्रश्न पडण्याचा. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हाताची मूठ ठेवून दाखविली. पहिले साधारण 12 आठवडे गर्भाशय कटिराच्या हाडांच्या आत असते. हाडांचा तो कठडाच त्याचे रक्षण करतो. त्यानंतर ते वर येऊ लागते, आणि 20 आठवड्यांच्या सुमारास बेंबीपर्यंत पोहोचते. तेथे पुढून हाडाचे संरक्षण नाही. शिवाय गर्भाशयाची भिंत लवचीक असते, पण तिला चिकटलेली वार तशी लवचीक नसते. जोराचा हिसका बसला की भिंत ताणली जाते आणि वार तिच्यापासून सुटू शकते. वरून खरचटलेलेही दिसत नाही, रक्तस्राव कधी आतच साचतो, आणि लक्षणे काही वेळा 24 ते 48 तासांनी दिसतात. सोलांगला दुसऱ्या रात्री जे घडले ते नेमके कशामुळे, हे आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु ‘पडली तेव्हा तर हसत होती’ या माझ्या समाधानाला काही आधार नव्हता, हे मला त्या खुर्चीवर बसून कळले. पोटावर पडल्यास किंवा जोराचा धक्का बसल्यास काही वाटत नसले तरी दवाखान्यात जाऊन काही तास देखरेखीखाली राहावे. पोट कडक होणे, कळा, अंगावर जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर सहल तेथेच थांबवावी.

त्यातच गरोदरपणात सांधे धरून ठेवणारे बंध सैल पडतात, पोट पुढे येते, तोल बदलतो. घरातल्या फरशीवर जी बाई सहज चालते, तीच बर्फावर अडखळते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने 2020 साली व्यायामाविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत निरोगी गर्भवतीने आठवड्यातून 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी उतारावरील स्कीइंग, घोडेस्वारी यांसारखे पडण्याची शक्यता असलेले खेळ टाळावेत असेही म्हटले आहे. म्हणजे आपल्याकडची ‘गरोदर बाईने हलूच नये’ ही समजूत त्यांना मान्य नाही, आणि माझे ‘काही होत नाही’ हेही नाही. गुलमर्गला तट्टूंवर बसविण्याचा आग्रह फार होतो. घोडेस्वारीचा नियम त्या तट्टूलाही लागू आहे, मग तो कितीही गरीब दिसो.

उंचीविषयी मला सर्वांत कमी माहिती होती. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटर उंच आहे, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर, आणि गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या बाजूला जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेतो. त्या उंचीवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण 60 टक्केच असतो. कोकणातून निघालेले शरीर दोन-तीन दिवसांत तेथे पोहोचते, आणि शेवटची उंची तर काही मिनिटांतच चढते. त्याला रुळायला अवधी कोठे मिळणार? ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा गर्भवतींना 2,500 मीटरच्या वर व्यायाम करू नये, असा सल्ला देते. लडाखी बाईचे उदाहरण येथे कामाचे नाही. तिचे शरीर त्या हवेत वाढलेले असते. सहलीत कोणी डोंगर लागू नये म्हणून गोळ्या वाटतो, त्याही गर्भवतीने स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

धाकट्या मुलाच्या ऑलिंपिकचेही मी विचारले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. 1920 साली, हिवाळी ऑलिंपिक वेगळे सुरू होण्याच्या आधी, अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्येच बर्फावरच्या नृत्य-स्केटिंगची स्पर्धा झाली. तीत स्वीडनच्या माग्दा जूलिन यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्यांना तीन-चार महिने झाले होते. 2010 साली व्हँकुव्हरला कॅनडाच्या कर्लिंग संघाने रौप्यपदक मिळविले. त्या संघातील राखीव खेळाडू क्रिस्टी मूर पाच महिन्यांहून अधिक गर्भवती होत्या. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, ‘‘कर्लिंगमध्ये सुमारे 20 किलोचा दगड बर्फावर सरकवितात, खेळाडू स्वतः डोंगरावरून घसरत नाही. आणि या स्त्रियांचा बर्फाशी संबंध लहानपणापासूनचा. तुमच्या सुनेने आयुष्यात बर्फावर किती पावले टाकली आहेत?’’ धाकटी म्हणाली, ‘‘एकही नाही.’’ अनुभवी खेळाडूही पडते, आणि दुसरा कोणी येऊन तिच्यावर आदळू शकतो, हे निराळेच.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरांत ती बोलली जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. आईने जिना चढला, गाडीने गेली किंवा पपई खाल्ली म्हणून नव्हे. तरीही घरात तसे घडले की बोट सुनेकडे वळते. त्याच भयाने मुली तीन महिने बातमी लपवितात, आणि लपविल्यामुळे सहलीत नाही म्हणायला कारण सांगता येत नाही. स्लेजवर बसायचे नसेल तर ती काय म्हणणार, पाय दुखतात? तीन महिने गावभर सांगू नये हे मला मान्य आहे. पण बरोबर प्रवास करणाऱ्या एका तरी मोठ्या बाईला ठाऊक असावे, आणि तिने पुढे होऊन ‘ही माझ्याजवळ बसेल’ म्हणावे. सोलांगला आम्हाला ठाऊक होते, आणि तरी मी तसे म्हटले नाही.

कणकवलीहून परतताना गाडीत धाकटी प्रथमच मोकळेपणाने बोलली. ती म्हणाली, ‘‘आई, मला घसरायचे नाही आणि वरही जायचे नाही. पण बर्फ बघायची मला फार इच्छा आहे. पुढच्या वर्षी बाळ लहान असेल, त्यानंतर दुकानातून कधी निघता येईल कोण जाणे.’’ माझ्या मनात होते की तिने घरीच राहावे. तोंडापर्यंत आलेही होते. मोठी खिडकीतून बाहेर बघत होती. मी गिळून टाकले.

रात्री पुन्हा बैठक बसली. या वेळी धाकटीने स्वतःच सांगितले: ती श्रीनगरपर्यंत येईल, आणि बाकीचे गुलमर्गला जातील त्या दिवशी श्रीनगरलाच थांबेल. डॉक्टरीणबाईंनी श्रीनगरच्या उंचीला हरकत घेतली नव्हती. तिची तब्येत चांगली, पोटात एकच बाळ, रक्तदाब ठीक, आधीचा काही त्रास नाही. आणि सहलीच्या आठवड्यात आणखी एकदा तपासून मगच निघायचे, ही त्यांची अट. ह्यांनी पुन्हा पैशांचे काढले. गुलमर्गचा तिचा भाग फुकट जाईल, त्यात गंडोलाचे तिकीटही आले. तेव्हा मी एवढे विचारले की पावसाळ्यात घाटावरून आलेली गुळाची ढेप पाझरली, तर ती किती रुपयांना घेतली होती म्हणून आपण चांगल्या ढेपींच्या थप्पीत ठेवतो का? ते चाळीस वर्षे व्यापार करीत आहेत. हसले आणि विषय सोडून दिला. दुकानात बुडीत रक्कम आपण एका ओळीत लिहून मोकळे होतो. सहलीच्या आगाऊ रकमेपायी मात्र आजारी मुले, म्हातारी माणसे आणि गर्भवती सुना यांना ओढत नेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. आमचे कुटुंबही त्यांतलेच होते.

माझ्या नणंदबाईंना हा निर्णय अजून पसंत नाही. त्या म्हणतात, जायचेच कशाला? त्यांचे म्हणणे मी टाकाऊ मानत नाही. जानेवारीत काश्मिरात चिल्ला-इ-कलान असतो, 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे 40 दिवस. विमाने रद्द होतात, रस्ते बंद पडतात, आणि दोन दिवसांचा मुक्काम चार दिवसांचा होतो. आम्ही फोंडाघाटच्या बायका दवाखान्याच्या अंतराचा विचार केल्याशिवाय गरोदरपण काढीतच नाही. साधे असले तर कणकवली, गुंतागुंत असली तर ओरोस, कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळी. पावसात घाटात दरड कोसळली तर कोल्हापूर नाही, हेही धरून चालतो. शेवटच्या दिवसांत कित्येक जणी म्हणून घाटावरच्या किंवा कणकवलीच्या नातेवाइकांकडे जाऊन राहतात. पण सहलीला निघालो की हे शहाणपण घरी ठेवून जातो. या वेळी ते बरोबर घेतले. श्रीनगरला लाल देद हे स्त्रियांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. आमचे हॉटेल त्यापासून किती दूर, हे मोठ्या मुलाने आधी पाहिले आणि मगच हॉटेल पक्के केले. गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटर, आणि बर्फ पडला की शेवटच्या चढणीवर चाकांना साखळ्या बांधलेली गाडी लागते. धाकटीने श्रीनगरला थांबण्याचे एक कारण हेही होते, आणि ते तिचे तिनेच शोधून काढले होते.

प्रवासाचे किरकोळ सांगायचे तर, गाडीतील पट्टा पोटावरून न बांधता पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून घ्यावा. फार वेळ एका जागी बसू नये, दर दीड-दोन तासांनी उठून चालावे. गरोदरपणात पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता वाढते. थंडीत तहान लागत नाही, पण शरीराला पाणी लागतेच. ज्या घरांत सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत, त्यांनी याचा विचार आधीच करावा. जानेवारीत श्रीनगरला पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो. एवढी लांब रात्र गर्भवतीने कशी काढावी, हे डॉक्टरांना आणि आपल्या गुरुजनांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. रात्री दोन वाजता हॉटेलच्या खोलीत पोटात आग पडल्यावर ठरविण्याची ती गोष्ट नाही. धाकटीने विचारून घेतले आहे आणि तिचे समाधान झाले आहे. ते तिच्यापुरते आहे, म्हणून येथे लिहीत नाही.

येत्या आठवड्यात आम्ही निघत आहोत. तपासणी परवा झाली, सर्व ठीक आहे. गुलमर्गच्या दिवशी धाकटीजवळ कोण थांबणार, यावरून थोडा वाद झाला. तिचा नवरा थांबतो म्हणत होता, पण त्याच्या डोळ्यांत गंडोला स्पष्ट दिसत होता. शेवटी मी थांबणार असे ठरले. माझ्या गुडघ्यांना गुलमर्ग नकोच आहे. श्रीनगरला बर्फ पडला तर आम्ही दोघी गच्चीत उभ्या राहून बघू, न पडल्यास खिडकीशी बसून खाखरे खाऊ.

सामानाची यादी मोठ्या सुनेने केली. तपासणीची फाइल बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत. तिची एक प्रत नवऱ्याच्या फोनमध्ये, एक माझ्या. धाकटीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी: नाव, किती आठवडे, कणकवलीच्या डॉक्टरांचा क्रमांक, आणि रक्तगट. धाकटीचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे त्या इंजेक्शनचा प्रश्न येत नाही. तरीही मोठीने तो लाल शाईने लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘‘आई, वाचता येते ना नीट?’’ मी चष्मा लावून वाचून दाखविली.

नातवाने काकीला गुलमर्गचा बर्फ थर्मासमधून आणून देण्याचे कबूल केले आहे. थर्मास घरात एकच आहे, आणि तो तिच्या गरम पाण्याचा आहे. त्याला डबा देणार आहे.